नवी प्रजाती ‘नवी’ कशी ठरते?

प्रश्न: नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या वाचतो. ती खरंच नवी आहे, हे कसं ठरवतात?

उत्तर: मी भुंगेऱ्यांवर काम करते, म्हणून त्यांचंच सांगते. दोन भुंगेरे वरून हुबेहूब दिसतात. मग नराचं जननेंद्रिय अलगद सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. बरेचदा फरक तिथेच सापडतो. नंतर संग्रहालयातले जुने नमुने ताडून पाहायचे. टाचणीवरच्या भुंगेऱ्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांची चिठ्ठी असते: कुठे, कधी, कोणी पकडला. ती हरवली, की नमुन्याची निम्मी किंमत गेली! शेवटी एक नमुना ‘प्ररूप’, म्हणजे त्या प्रजातीचा अधिकृत संदर्भ-नमुना, म्हणून जपून सविस्तर वर्णन छापायचं. २०१२च्या एका अभ्यासात, नमुना गोळा झाल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं निघाली.

मात्र सुरुवात होते ती कुणाच्या तरी नजरेतून. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत एका छोट्या संग्रहालयाच्या प्रमुख मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासेमारी बोटीवरच्या ढिगात एक निळसर मासा वेगळा वाटला. त्यांनी त्याचं चित्र काढून तज्ज्ञाला पाठवलं. तो निघाला सीलाकँथ, कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपला असं मानलेला! त्याचं शास्त्रीय नाव त्यांच्याच आडनावावरून पडलं: लॅटिमेरिया.