टाचणीचे (चतुरासारख्या बारीक किड्याचे) डोळे फोटोत स्पष्ट येतात, शेपटी धूसर. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फोटो काढताना काय करू?

कॅमेरा बदलू नका, कोन बदला. टाचणीचं अंग काडीसारखं लांबट, त्यामुळे तिरकं टिपलं की एक टोक धूसर होणारच. तिच्या बाजूला या, कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे त्याची मागची बाजू, अंगाला समांतर धरा, फोकस डोळ्यावर, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११ (भिंगाचं छिद्र लहान, म्हणजे जास्त भाग स्पष्ट येतो). फ्लॅश लावलात तर पुढे ट्रेसिंग पेपर धरा, नाहीतर डोळ्यावर पांढरा ठिपका चमकतो.

ओढ्याकाठी सकाळी लवकर जा. ऊन चढेपर्यंत ती सुस्त असते. उडाली तरी मागे धावू नका, बरेचदा त्याच पात्यावर परत येते. तोवर गुडघे टेकून बसा, सावली पडू देऊ नका. किडे फ्रीजमध्ये गार करून फोटो काढणारेही असतात. मला तरी ते बघवत नाही.

पावसाळ्यात मात्र ओढ्यात उतरू नका, पाणी अचानक वाढतं.