चार कार्बोरेटर काढून एकच लावू का?

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझ्या मोठ्या काकाजींची १९७६ ची होंडा गोल्डविंग जीएल १००० आहे. काकाजी गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून गाडी मानेवाड्याला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. दिवाळीनंतर बाहेर काढली, नवी बॅटरी टाकली, चालू पण झाली, पण चोक ओढून ठेवला तरच चालते, चोक सोडला की बंद. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके फुटतात. दोन मिस्त्रींनी चारही कार्बोरेटर खोलले, त्यातल्या एकानं एका जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी स्क्रूची) खाचच घासून टाकली. आता सगळे म्हणतात चार कार्बोरेटरची भानगडच काढ, बीटल कारचा एक सोलेक्स कार्बोरेटर लाव, बाहेरच्या देशात लोक लावतात. लावू का? काकूंना एकदा मागं बसवून रामटेकला न्यायचं आहे.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रामटेकला ही गाडी नक्की जाईल, पण आधी एक काम करा, आजपासून स्टार्टरला हात लावू नका. कार्बोरेटरचं नंतर बघू. या इंजिनला पुढच्या बाजूनं दोन टायमिंग बेल्ट आहेत, रबराचे, आणि गाडी अकरा वर्षं उभी म्हणजे ते बेल्ट त्याच्याहूनही जुने असणार. बेल्ट तुटला किंवा दात सरकले की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला लागतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवायची पाळी येते. दोन्ही बेल्ट नवे टाका, त्यांचे टेन्शनर बेअरिंग हातानं फिरवून बघा, खरखर वाटली तर तेही बदला, मग पुढं.

आता दुखणं. चोक ओढला की चालते आणि सोडला की बंद पडते याचा सरळ अर्थ असा की स्लोचं, म्हणजे रेस न देता गाडी चालू ठेवणारं पेट्रोल येत नाही, ते सोडणारे पायलट जेट बुजलेत. चोक ओढल्यावर दुसऱ्या वाटेनं जास्तीचं पेट्रोल येतं म्हणून ती तग धरते. रेस सोडल्यावरचे फटाकेही बहुतेक त्याच घरचे, मिश्रण हलकं पडतं, सिलेंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. म्हणजे तुमचे कार्बोरेटर मेलेले नाहीत, तुंबलेत. तुंबलं म्हणून कोणी नळच उखडून टाकत नाही ना.

मागच्या वर्षी अशीच एक बरीच वर्षं उभी राहिलेली चार सिलेंडरची जुनी गाडी माझ्याकडे आली होती. कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठतं ती वाटी, उघडला तर तळाला हिरवट-पिवळा थर, गुळाचा पाक करपल्यावर कढईला चिकटतो ना तसा, नखानं निघेना. पायलट जेट बाहेर काढून खिडकीकडे धरला तर आरपार काहीच दिसेना. तुमच्या गाडीत हा जेट ३५ नंबरचा असतो, म्हणजे भोक ०.३५ मिमीच्या आसपास. ते सेफ्टी पिनेनं कोरायचं नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो सिलेंडर कायमचा पेट्रोल जास्त पिणार. मी गिटारची सगळ्यात बारीक तार वापरतो, ०.२५ मिमीची असते, कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजवलं आणि सकाळी तार हळूच घातली, तीन-चारदा केल्यावर उजेडाचा ठिपका दिसला, आधी चंद्रकोरीसारखा, मग पूर्ण गोल. पूर्ण गोल दिसेपर्यंत थांबायचं नाही. या जेटवर रबराचं छोटं बूच असतं, कडक झालं असेल तर नवं टाका, नाहीतर सगळी मेहनत वाया. घासलेल्या खाचेचा जेट नवा मिळतो, त्याच्यासाठी अख्खा कार्बोरेटर फेकू नका.

टाकीही बघा, या गाडीची खरी टाकी सीटखाली आहे, वर दिसते ती नुसती पेटी आहे, आत इलेक्ट्रिकचं सामान (आणि सुरुवातीच्या मॉडेलांना किक मारायचा दांडाही तिथंच ठेवलेला असतो, तुमच्या काकाजींनी तो जपला असेल तर सापडेल). सीटखालच्या टाकीत गंज असला तर साफ केलेले जेट दोन दिवसांत परत तुंबतील. टाकी कार्बोरेटरच्या खाली असल्यामुळं पेट्रोल पंपानंच वर चढतं, पंपाचं रबर आणि सगळ्या नळ्या नव्या घ्या, आजच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालणाऱ्या. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं.

सगळं बसवल्यावर चारही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायचे असतात आणि इथंच आपले मिस्त्री चुकतात, कानानं ऐकून स्क्रू फिरवतात. कानानं नाही होत. चार व्हॅक्युमचे गेज लावा, नाहीतर पारदर्शक नळीत टू-स्ट्रोक ऑइल भरून, एका पाटीवर यू आकारात बांधून दोन-दोन सिलेंडर तुलना करत जा, दोन्हीकडचं ऑइल एका पातळीला आलं की जुळलं. एक संध्याकाळ जाते, पण नंतर ती गाडी जी शांत उभी राहते ते बघण्यासारखं असतं.

एवढं करूनही नाही झालं, म्हणजे पाणी जाऊन अॅल्युमिनियम खाल्लं गेलंय, कार्बोरेटरच्या गळ्यात खड्डे पडलेत, आतल्या वरखाली होणाऱ्या स्लाइड अडकतात, तर मग एक कार्बोरेटरचा विचार करा, तेव्हा तो विचार चुकीचा नाही. लोक म्हणतात कारचा एक कार्बोरेटर एवढ्या इंजिनला पुरणारच नाही, तसं नाहीये. बीटलचं १६०० सीसीचं इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या पुढे-मागे पूर्ण ताकद देतं, म्हणजे मिनिटाला साधारण ३२०० लिटर हवा ओढतं. तुमचं ९९९ सीसीचं इंजिन तेवढी हवा ६४०० फेऱ्यांच्या आसपास ओढेल. शंभरच्या स्पीडला तुमचं इंजिन ४००० च्या आसपास फिरतं, मग रामटेकच काय, पचमढीलाही काही कमी पडणार नाही. कमी पडेल ते वरच्या टोकाला. मूळ कार्बोरेटरचा गळा प्रत्येकी ३२ मिमी, म्हणजे ८०० चौरस मिमीची वाट, आणि ३४ नंबरच्या सोलेक्सच्या आतली अरुंद जागा २६ मिमी, म्हणजे ५३० च्या आसपास. गाडीची लाल रेघ ८५०० ला आहे, तिथंपर्यंत ती पूर्वीसारखी धावणार नाही. होंडानंच १९८८ ची सहा सिलेंडरची जीएल १५०० दोन कार्बोरेटरवर चालवली, म्हणजे कार्बोरेटर कमी करणं काही पाप नाही, फक्त त्यांनी त्याच्यासाठी आतल्या नळ्या नीट आखल्या होत्या.

आणि सगळा खेळ त्या नळ्यांचाच आहे. कार्बोरेटर सिलेंडरच्या तोंडाशी असतो तेव्हा पेट्रोलचा फवारा सरळ आत जातो. एकच कार्बोरेटर मधोमध बसवला की फवारा लांब नळीतून, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन असा वाटला जातो, नळी थंड असली की पेट्रोल भिंतीला चिकटून ओघळायला लागतं. मग एका सिलेंडरला जास्त मिळतं, दुसऱ्याला कमी, प्लग काढून बघितले तर दोन काळे आणि दोन पांढरे.

मी स्वतः एका जुन्या टूरिंग गाडीला असा मॅनिफोल्ड, म्हणजे फवारा वाटणाऱ्या नळ्यांचा जोड, बनवून दिला होता, हिंगणा एमआयडीसीतून लेथवर फ्लॅंज कापून आणले, पाईप वाकवून वेल्ड केले, नागपुरात झकास चालली. ऑगस्टमध्ये तीच गाडी घेऊन आम्ही परतवाड्यावरून चिखलदऱ्याला निघालो, घाटात धुकं, अंगावर पाणी साचेल असं, गार हवा, आणि गाडी हळूहळू दम सोडायला लागली, शेवटी बंदच. पेट्रोल येत होतं, प्लग ठीक होते. हात लावून बघितलं तर कार्बोरेटरचा खालचा भाग बर्फासारखा गार, बाहेरून दवाचे थेंब. आत पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढली जाते, दमट हवेतलं पाणी तिथंच गोठतं, भर पावसाळ्यातही. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली, इंजिनच्या उष्णतेनं बर्फ वितळला, एका सेल्फमध्ये चालू. चूक मॅनिफोल्डची होती, त्याला गरम ठेवायची सोयच मी केली नव्हती.

तुमची गाडी पाण्यानं थंड होणारी आहे, हा मोठा फायदा आहे. कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डला पाण्याचा छोटा कप्पा वेल्ड करून घ्या आणि कूलंटची बारीक नळी त्याच्यातून फिरवा. पण आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५-४६ अंश असतं, तेव्हा हाच कप्पा कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळवेल आणि गाडी वर्धा रोडच्या सिग्नलला उभी राहील. म्हणून त्या नळीवर एक पितळी कॉक बसवा, जूनच्या पावसापासून फेब्रुवारीपर्यंत उघडा, उन्हाळ्यात बंद.

बाकीचं पटकन सांगतो. कारचा कार्बोरेटर वळणावर बाईक झुकल्यावर सांडेल अशी भीती लोक घालतात, तसं होत नाही, बाईक वळणात तोल धरून झुकते तेव्हा बाऊलमधलं पेट्रोल बाईकच्याच मानानं सपाट राहतं. सांडतं ते साइड स्टँडवर, म्हणून मेन स्टँडच वापरा. बाऊलचं तोंड कारमध्ये असतं तसंच पुढं ठेवा. अॅक्सिलरेटरची परत आणणारी दुसरी केबल काढू नका, शिवाय लिव्हरला दोन स्प्रिंग लावा, एक तुटली तरी रेस बंद झाली पायजे. आणि जेट एक-दोन नंबर मोठा लागेल, कारण शुद्ध पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, म्हणजे आजच्या पेट्रोलवर जुनं सेटिंग हलकंच पडतं. सुरुवात त्या कार्बोरेटरच्या मूळ जेटवर करा आणि पन्नास किलोमीटर चालवून प्लगचा रंग बघा, चहात दूध थोडं जास्त झाल्यावर येतो तसा फिकट तपकिरी यायला हवा.

एक गोष्ट मात्र पैसे खर्च करायच्या आधी नीट वाचा. २०२१ पासून केंद्राचा नियम आहे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी मूळ रूपात असली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसला तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. तुमची गाडी वयानं आता तिथंच आलीय. व्हिंटेज नोंदणी केली की रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच, मग काकूंना घेऊन रामटेक त्यात बसणार नाही, हेही लक्षात घ्या. ती नोंदणी पुढं-मागं करायची इच्छा असेल तर आरटीओत आधी विचारा आणि काहीही झालं तरी मूळ चार कार्बोरेटर, त्यांचे रबर, एअर बॉक्स, एकही स्क्रू न हरवता तेल लावून डब्यात बंद करून ठेवा, मॅनिफोल्ड असा बनवा की गाडीचं काहीच कापावं लागणार नाही.

माझा सल्ला विचाराल तर बेल्ट, टाकी, जेट, जुळवणी, या क्रमानं चार रविवार द्या. काकाजींनी चालवली तशीच ती चालेल असं मला वाटतं.

प्रश्न : माझ्याकडे राजदूत ३५० आहे, एलटी मॉडेल. अॅव्हरेज फार कमी. दोन कार्बोरेटर काढून वाय पाईपवर एक लावला तर वाढेल का? — एक वाचक, जरीपटका

उत्तर : थोडं वाढेल, पण पिकअप जाईल, आणि ती गाडी लोक पिकअपसाठीच जपतात. आधी बघा की दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलतात का, एअर फिल्टरमधून हात घालून बोटानं चाचपा, एक आधी उचलत असेल तर अॅव्हरेज तिथंच जातंय, केबलचे अॅडजस्टर फिरवून जुळवा. आणि एकच लावायचाच असेल तर एवढं पक्कं करा की इंजिनला ऑइल देणाऱ्या ऑटोल्यूब पंपाची केबल रेसबरोबर पूर्वीइतकीच ओढली जाते. एका मुलाच्या गाडीला वाय पाईप लावताना ही केबल ढिली राहिली होती, पारडी ओलांडायच्या आत पिस्टन जाम. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी झालं की इंजिन सूचना देत नाही.

प्रश्न : जुन्या चार सिलेंडरच्या गाडीवर नागपूर ते मुंबई समृद्धीनं जायचं आहे, कोणत्या महिन्यात जावं?

उत्तर : समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, कितीही सीसीची असो. अमरावती, अकोला, धुळे, नाशिक असं जा, डिसेंबर-जानेवारीत, आणि पहिला मुक्काम अकोल्यालाच करा, पहिल्याच दिवशी जास्त ताणू नका. सोबत एक पायलट जेट, दोन प्लग, क्लचची केबल आणि ती गिटारची तार असू द्या.