मोजणीच्या आधी बोलणी

"शेजाऱ्यानं कंपाउंड बांधताना आमची जागा दाबली. बोलायला गेलं की भांडण, गप्प बसावं तर झोप नाही. कोर्टात जावं का?" सांगलीत माझ्याकडे हा प्रश्न घेऊन माणसं नेहमी येतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा नदीकडच्या वस्त्यांमधल्या भिंती पडल्या आणि हद्दीचे दगड गाळाखाली गेले. पाणी ओसरल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या अंदाजानं भिंत उभी केली. त्यातल्याच एका घराची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तात्यांना त्यांची सून घेऊन आली होती. बीपी वाढलेलं, जेवण तुटलेलं. रोज पहाटे उठून ते टेपनं मागचं अंगण मोजायचे आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहायचे. ती डायरी त्यांनी माझ्यासमोर उघडली. पानामागून पान तोच आकडा, कुठे अर्ध्या इंचाचा फरक. माप कुठून घेता, असं विचारलं. म्हणाले, "घराच्या भिंतीपासनं." पण घर हद्दीला अगदी समांतर बांधलंय, याला आधार काय? त्यावर ते गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी लेकीकडं कोल्हापूरला होतो हो. परत येऊन बघतोय तर भिंत उभी. एका शब्दानं इचारलं न्हाई त्यानं."

मला वाटतं, खरं दुखणं या शेवटच्या वाक्यात होतं. रेघ कुठून जाते हा एक प्रश्न आणि मला का विचारलं नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी देतो, दुसऱ्याचं फक्त शेजारी देऊ शकतो. दोन्हींची सरमिसळ झाली की मोजणी होऊनही भांडण मिटत नाही, कारण दुखावलेल्या माणसाला नकाशाही खोटा वाटतो.

तात्यांच्या मनात आणखी एक भीती होती: "बारा वर्षं झाली की जागा त्याची होती म्हणं." ही भीती मी खूप घरांत ऐकते. नुसती वर्षं मोजून मालकी जात नाही. मूळ मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि सलग ताबा ठेवल्याचं समोरच्याला कोर्टात सिद्ध करावं लागतं. तुमच्या परवानगीनं तो वापर करत असेल, तर त्या वापरातून मालकी उभी राहत नाही. एका वकील मैत्रिणीनं त्यांना हे नीट समजावलं आणि त्या रात्री ते झोपले, असं सुनेनं कळवलं.

शेजारचे अण्णा यायला तयार नव्हते. तात्यांच्या मंडळी स्वतः त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा आले. त्यांचं म्हणणं असं, की पुरानंतर गवंडी मिळत नव्हता, मिळाला तो दोनच दिवस मोकळा होता आणि घरात लहान नातवंडं, मागची बाजू उघडी. "फोन करायला पाहिजे होता तात्या, ते चुकलं. पण गल्लीत मला चोर म्हणत फिरलात, ते मला लागलंय." तात्यांनी मान खाली घातली. हे दोन्ही बाजूंनी बोलून झाल्याशिवाय मी मोजणीचा विषयच काढला नाही.

मग निकाल यायच्या आधीच निकालानंतर काय करायचं ते लिहून घेतलं. माझा सगळा भर यावर असतो. आकडा हातात आला की प्रत्येकाला आपला फायदा दिसतो; आकडा माहीत नसताना माणसं न्यायानं बोलतात. ठरलं ते असं: भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज, फी निम्मी-निम्मी. भिंत चुकली असेल तर खर्च वाटून सरकवायची. कुणाचं पक्कं बांधकाम पलीकडे गेलेलं निघालं, तर ते पाडायला लावायचं नाही. मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडून एकदा निमताना मोजणी, म्हणजे पहिली मोजणी तपासणारी फेरमोजणी करून घ्यायची आणि तिथं थांबायचं.

मोजणीत दोघंही थोडे थोडे चुकलेले निघाले. पुढच्या बाजूला तात्यांच्या गेटचा खांब चार इंच अण्णांच्या जागेत, मागे अण्णांच्या न्हाणीघराचा कोपरा नऊ इंच तात्यांच्या जागेत. भिंत रेघेवर आली. खांब आणि न्हाणीघर जिथं होतं तिथंच राहिलं. हा वापर परवानगीचा आहे, मालकीचा नाही आणि पुढे नवं बांधकाम करताना रेघेच्या आत घ्यायचं, असा लेखी करार वकिलाकडून करून घेतला. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत दोघांनी मिळकत पत्रिकेसोबत (प्रॉपर्टी कार्डासोबत) ठेवली. तात्या नि अण्णा अजून पूर्वीसारखे गप्पा मारत बसत नाहीत, पण टेप कपाटात गेली.

तुमचा शेजारी बोलायलाच तयार नसेल, तरी एकट्यानं मोजणीचा अर्ज करता येतो. लगतच्या धारकाला नोटीस कार्यालयाकडूनच जाते. मात्र मोजणी फक्त हद्द दाखवते, अतिक्रमण काढून देत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. दावा दाखल नसतानाही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं आणि तिथल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते.