फोनचा माउस : आधी ठरवा, टाइप काय करायचंय?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात डेस्कटॉप आणि प्रोजेक्टर आहे. फोनवरून माउस चालवत मुलांमध्ये फिरायचं आणि त्यांनी सांगितलेले शब्द तिथूनच पडद्यावर मराठीत उमटवायचे, असं मनात आहे. संगणकाला ब्लूटूथचा डोंगल लावला, फोनमध्ये ॲप घेतलं. माउस छान चालतो, पण मराठी लिहिलं की काहीच येत नाही. शाळेत वायफाय नाही. काय करू?
— एक शिक्षिका, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, ॲप बदलू नका, त्यात बिघाड नाही. ब्लूटूथने जोडलेला फोन संगणकाला साधा कीबोर्ड म्हणूनच दिसतो (अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून ही सोय फोनमध्येच आहे). आणि कीबोर्ड कधी अक्षर पाठवत नाही. कोणती कळ दाबली तेवढा क्रमांक पाठवतो. त्या कळीचं अक्षर कोणतं, ते संगणक ठरवतो. तुम्ही फोनवर ‘पाऊस’ लिहिता तेव्हा पाठवायला तशी कळच नसते, म्हणून शब्द फोनमध्येच अडतो.

तुम्हाला इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची सरकारी कळरचना) येत असेल तर मार्ग सोपा आहे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडा आणि फोनवर इंग्रजी कळा दाबा. ‘के’ दाबलं की क, ‘एच’ दाबलं की प. पण आपल्याकडचे बहुतेक शिक्षक फोनवर बोलून किंवा इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहितात, म्हणून तुम्हाला मी वायफायचा मार्ग सुचवेन.

शाळेत वायफाय नाही म्हणून अडत नाही, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर यूएसबीचा वायफाय डोंगल घ्यावा लागेल. मग केडीई कनेक्ट हे मोफत ॲप फोनमध्ये आणि त्याच नावाचा प्रोग्राम संगणकावर टाका, दोन्ही एकमेकांना जोडा. फोनचा पडदा टचपॅड होतो: एक बोट फिरवलं की बाण सरकतो, दोन बोटांनी टिचकी मारली की राइट क्लिक.

मराठीसाठी मी असं करायला सांगतो. फोनच्या कुठल्याही नोट्सच्या ॲपमध्ये शब्द बोला (गूगलच्या कीबोर्डला २०१७ पासून मराठी बोलणं कळतं), कॉपी करा आणि केडीई कनेक्टमधून क्लिपबोर्ड, म्हणजे तो कॉपी केलेला मजकूर, पाठवा. मग टचपॅडवरून राइट क्लिक करून पेस्ट. शब्द जसाच्या तसा पडद्यावर येतो, जोडाक्षरांसकट. मुलाने सांगितलेला शब्द दोन-चार क्षणांत एवढा मोठा भिंतीवर दिसला की मागच्या रांगेतलं पोरगंही हात वर करतं. त्यासाठी ही खटपट करावीच असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी सांभाळा. केडीई कनेक्टच्या यादीत संगणक दिसलाच नाही तर बहुतेक वेळा विंडोजचं फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) आडवं येतं. नवं नेटवर्क विंडोज ‘पब्लिक’ धरतं, ते सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट’ करा. दुसरं, माउसच्या हालचालीला तुमचा डेटा लागत नाही, ती फोन आणि संगणक यांच्यातच राहते; पण हॉटस्पॉट मिळालं की विंडोज अपडेट उतरवायला लागतं आणि दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. म्हणून त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवा.

प्रश्न : माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माउस अचानक बंद पडला. गर्दीच्या दिवसांत फोनवरच भागवलं तर चालेल का?
— एक दुकानदार, औसा, जि. लातूर

उत्तर : भाऊ, तेवढा दिवस निभावेल. पण माउसशिवाय संगणकावर वर सांगितलेला केडीई कनेक्टचा प्रोग्राम टाकायचा कसा, ही पहिली अडचण. कीबोर्ड चालू असेल तर डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विचारल्यावर ‘हो’ म्हणा. आता आकड्यांच्या भागातली ४, ६, ८, २ ही बटणं बाण सरकवतील आणि ५ ने क्लिक होईल. हे प्रत्येक दुकानदाराने एकदा करून पाहिलं पाहिजे, फोन जोडून होईपर्यंत काम थांबत नाही.

मात्र लोकांचे आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी फोनच्या अशा कीबोर्डवरून भरू नका. वायफायवर चालणारी काही ॲप टाइप केलेलं उघडंच पाठवतात, आणि त्याच वायफायवर दुसरं कोणी असेल तर ते वाचता येतं. केडीई कनेक्टमध्ये ते सांकेतिक होऊन, म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही असं, जातं. तरी गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडची ठेव आहे, तिथे मी धोका पत्करणार नाही. शिवाय राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर लाईट गेली की वायफायही गेलं आणि अर्धा फॉर्म तसाच राहिला. तीन-चारशे रुपयांत वायरचा साधा माउस मिळतो. एक जास्तीचा कपाटात ठेवा.

प्रश्न : हे सगळं आयफोनवर जमेल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ब्लूटूथने नाही, आयफोनवर बाहेरच्या ॲपला कीबोर्ड किंवा माउस होता येत नाही. वायफायने जमतं. केडीई कनेक्ट आयफोनसाठीही आहे, जोडणी वर सांगितली तशीच.