मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकांना खरंच बर्नआउट होतो का, की नुसतीच कुरकुर असते?

होतो हो. साधा थकवा रविवारी झोप काढली की उतरतो, हा उतरत नाही, एवढाच फरक धरा. डब्ल्यूएचओने आयसीडी-11 मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या यादीत, याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. अंगातला जीव संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा, आणि आपल्याच्याने काही धड होत नाही ही भावना, अशा तीन खुणा.

मी मेडिसिन शिकवतो, सरकारी कॉलेजात. सकाळी ओपीडी मग राउंड, दुपारी लेक्चर, मधेच पीजीचा थेसिस, वर एनएमसीची (मेडिकल कॉलेजांवर देखरेख ठेवणारा आयोग) आधारवाली हजेरी, आणि 2019 ला सीबीएमई हा नवा एमबीबीएस अभ्यासक्रम आल्यापासून लॉगबुकं, म्हणजे पोरांनी काय काय शिकलं त्याच्या नोंदवह्या, त्यावर आमच्या सह्या. पेशंट बघताना मी दमत नाही खरं तर, ही कागदं दमवतात. एकदा गठ्ठाच्या गठ्ठा सह्या करत सुटलो होतो, तर एक विद्यार्थिनी म्हणाली, सर मी पेशंटची हिस्टरी बरोबर लिहिलीय ना? मी ती वाचलीच नव्हती. सही मात्र झालेली. त्या दिवशी कळलं की तुटकपणा म्हणतात तो हाच.

योगाच्या वर्कशॉपने फार काही होत नाही (ती पण ड्युटी संपल्यावर ठेवतात!). आमच्या युनिटमध्ये लॉगबुकं वाटून घेतली आणि एक दुपार फक्त त्यालाच ठेवली, त्याने जरा श्वास मिळाला. झोपच उडाली असेल, रडू येत असेल तर मात्र सरळ 14416 ला फोन करा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.