मेमधला रिपोर्ट चांगला, मग गणेश चवथीनंतर विहिरीला वास का?

प्रश्न : आमचं घर गोव्यात सासष्टीत सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) उतारावर आहे, वर कचऱ्याचा जुना ढीग आहे. मे महिन्यात विहिरीचं पाणी तपासून घेतलं तर रिपोर्ट चांगला आला, पण चवथीनंतर पाणी पिवळसर दिसतंय आणि वासही येतोय. वर आता प्लास्टिक घातलंय, टाकीही बांधलीय असं सांगतात. मग हे येतं कुठून? उकळून प्यायलं तर चालेल का?
— एक वाचक, सासष्टी

उत्तर : आधी शेवटचं सांगतो, उकळून भागणार नाही. उकळल्यावर जंतू मरतात, पण क्षार, नायट्रेट, जड धातू तसेच राहतात, उलट पाणी आटेल तेवढे दाट होतात. नवा रिपोर्ट येईपर्यंत पिण्याला आणि जेवणाला नळाचंच पाणी घ्या, घरात लहान मूल असेल तर अजिबात रिस्क नको.

मेमधला रिपोर्ट खोटा नाही हो, तपासायची वेळ चुकली. मेमध्ये ढीग कोरडा असतो, आतून फारसं काही उतरत नाही. गोव्यात पावसाळ्यात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे 1 हेक्टर उघड्या ढिगावर 3 कोटी लिटर पाणी, 10 हजार लिटरचे 3 हजार टँकर. त्यातलं बरंच वरच्यावर वाहून जातं, पण जे मुरतं ते कुजलेल्या कचऱ्यातून काळपट होऊन खाली येतं, तेच लिचेट. आणि आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, छिद्रांचा, भेगांचा, त्यातून पाणी भराभर उतरतं आणि खाली चिकणमाती लागली की आडवं वळून सड्याच्या पायथ्याला झरीतून नाहीतर तुमच्यासारख्यांच्या विहिरीत निघतं.

आता प्लास्टिकचं. ते ढिगाच्या वर घातलंय की खाली, हे आधी विचारा, कारण सगळं त्यावर आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या बांधीव जागेच्या, तळाला 90 सेंटीमीटर घट्ट चिकणमाती आणि तिच्यावर 1.5 मिलिमीटरचं एचडीपीई शीट (जाड प्लास्टिकचं) सांगितलं होतं, त्याच्यावर खडीचा थर आणि भोकं पाडलेले पाइप, ते उतारानं संपपर्यंत (लिचेट गोळा व्हायच्या खड्ड्यापर्यंत) नेतात आणि तिथून पंपानं उपसून प्रक्रियेला पाठवतात. संपमधलं पाणी वेळेवर उपसलं नाही तर शीटवर पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि बारीकशा भोकातूनही गळती वाढते, म्हणून अमेरिकेच्या नियमात शीटवर 30 सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी साचू देत नाहीत. जुन्या ढिगांखाली बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं, कचरा नुसता जमिनीवर ओतत गेलेत. तिथे वरचं प्लास्टिक नवा पाऊस अडवतं, ते चांगलंच आहे, पण आत आधीच मुरलेलं पाणी पुढे कितीतरी दिवस झिरपत राहतं, आणि टाकीत येतं ते फक्त बाजूनं बाहेर पडणारं. तळातून गेलेलं टाकीला सापडतच नाही!

म्हणून एकट्या तुमच्या विहिरीचा रिपोर्ट पुरत नाही. ढिगाच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या दोन-तीन, सगळ्यांचं पाणी एकाच दिवशी घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. नुसते जंतू आणि पीएच नको, क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) मागा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड 250, अमोनिया 0.5 आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटर इथपर्यंत ठीक मानतात. पण एक सांभाळा, खाडीजवळच्या विहिरीत क्लोराइड खारेपणामुळेही वाढतं आणि जवळ सेप्टिक टँक असला तर अमोनिया, नायट्रेट त्याचंही असू शकतं. वरची विहीर स्वच्छ आणि खालच्यांत क्लोराइड, अमोनिया, सीओडी सगळंच चढलेलं असेल तर मात्र संशय ढिगाकडेच जातो.

2016 च्या नियमांत लँडफिलच्या आसपासचं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं वेगवेगळ्या ऋतूंत तपासायला सांगितलं होतं, सुरुवातीचे आकडेही नोंदवून ठेवायचे होते. हे जुने रिपोर्ट माहिती अधिकारात मागा, आणि ते सरासरी नको, प्रत्येक मॉनिटरिंग विहिरीचे (भूजल तपासायला ठेवलेल्या) तारखेसकट द्या असं अर्जात स्पष्ट लिहा.

पाणी घेताना बाटली लॅबकडूनच आणा, अमोनिया आणि सीओडीच्या बाटलीत ते आधीच थोडं ॲसिड घालून देतात ती विसळायची नाही, जंतूंची बाटली वेगळी. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि हे आत्ताच करा, पाऊस ओसरायच्या आत, नंतर मार्च-एप्रिलमध्ये परत एकदा.