एका घरात दोन कुकर

सुनंदाताईंनी (नाव बदललं आहे) पर्समधून चुरगाळलेला एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तेलकट होता, कडेला बालुशाहीचा पाक वाळून पांढरा पडला होता.

"यांच्या गाडीच्या डिकीत सापडला. २८ वर्षांच्या संसारात यांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नाही मॅडम. आता खाणं लपवतात. यांना आवर कसा घालू, तेवढं सांगा."

घरात कुणाला शुगर निघाली की हा प्रश्न घेऊन खूप जणी येतात, काही नवरेही येतात. शब्द थोडेफार वेगळे असतात, पण घरातलं चित्र बहुतेक सारखंच असतं.

सुनंदाताईंचे यजमान ५४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर. तीन महिन्यांपूर्वी तपासणीत उपाशीपोटी साखर १६८ आली, जेवणानंतरची २६२ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "खाण्यावर लक्ष ठेवा" एवढं सांगितलं. ते लक्ष ताईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं. साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला, चहात गूळ सुरू केला. यांचा भात बंद, बटाटा बंद, पहाटे कारल्याचा रस. रात्री सात वाजता दुधीचं सूप आणि एक फुलका. मुलांसाठी दुसरा कुकर. आणि स्वतः? "यांच्यासमोर भात घशाखाली उतरत नाही. मी नंतर जेवते, ओट्यापाशी उभ्यानंच."

म्हणजे तीन महिने नवरा-बायको एका पंगतीला बसलेच नव्हते. मला बालुशाहीपेक्षा या गोष्टीची जास्त काळजी वाटली.

इतकी धास्ती कशाची, असं विचारलं तेव्हा त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांनाही शुगर होती. त्यांचा पायाचा अंगठा काढावा लागला होता. जखम भरतच नव्हती. ड्रेसिंग मी करायचे." हे यजमानांना माहीत होतं, पण रोज रात्री ते झोपल्यावर ताई बॅटरी लावून त्यांचे तळपाय बघतात, हे माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी दोघं आले. कागदाचा विषय मी जरा बिचकतच काढला. ते ताईंकडे न बघता म्हणाले, "मला बालुशाही विशेष आवडतही नाही मॅडम. पण पहिल्या गाडीला साडेपाचला निघतो. गोळी घेतलेली, पोटात फक्त तो रस. सात-साडेसातला हात थरथरायला लागतात, दरदरून घाम फुटतो. तिकीट काढताना मशीनवरचे आकडे दिसेनात. स्टँडवर उतरलो, समोर हॉटेलात जे होतं ते खाल्लं. असं चार वेळा झालंय."

"मग मला सांगितलं का नाहीत अहो?"

"तू म्हणाली असतीस, खायला निमित्त काढलंत."

त्यावर ताई काहीच बोलल्या नाहीत.

मधुमेहाच्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढत राहतात. यांची गोळी त्यांतलीच होती. म्हणून त्या दिवशी आमचं बाकीचं बोलणं बाजूला ठेवून मी दोघांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी गोळीचा डोस आणि वेळ बदलली, न्याहारीशिवाय ती घ्यायची नाही असं बजावलं. साखर ७० च्या खाली गेली किंवा असा घाम-थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग काहीतरी खायचं. यजमानांच्या कातडी बॅगेत सुट्ट्या पैशांशेजारी आता ग्लुकोजची पुडी असते.

बायको ताटावर पहारा देते म्हणून नवरा चोरून खातो, हे तर होतंच. त्याहून वाईट म्हणजे तो त्रास सांगायचा थांबतो. इथे ते जिवावर बेतू शकलं असतं.

मग स्वयंपाकाकडे वळलो. पहिली गोष्ट, कुकर एकच. शुगरवाल्याचं म्हणून वेगळं जेवण नसतं, त्याला जे योग्य ते घरात सगळ्यांनाच चांगलं. गुळाचं मात्र मी स्पष्ट सांगितलं: गूळ रक्तातली साखर साखरेसारखाच वाढवतो. यजमान दिवसाला पाच चहा घेत, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दिवसाला जवळजवळ ५० ग्रॅम. चहा दोनावर आणून बिनगोड करणं हे भात तोडण्यापेक्षा जास्त कामाचं होतं. ज्वारीची भाकरी चांगली, पण "भाकरी चालते" म्हणून अडीच खायच्या नाहीत, एका मोठ्या भाकरीतच ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जातात. आता एक भाकरी, वाटीभर भात, आणि बाकीचं ताट पालेभाजी, मटकीची उसळ, काकडीनं भरलेलं. आधी भाजी-उसळ खायची, भाकरी-भात नंतर, म्हणजे साखर एकदम उसळत नाही. डब्यानंतर स्टँडवरच दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या.

आणि वाढून घ्यायचं त्यांनी स्वतः. ताईंना हे सगळ्यात जड गेलं. हात आपोआप पातेल्याकडे जायचा. "काय खाल्लंत?" असं विचारायचं नाही, "आज बरं वाटलं का?" एवढंच. साखर रविवारी सकाळी दोघांनी मिळून मोजायची, आकड्यावर जे बोलायचं ते तेव्हाच. तळपायही रोज बघायचे, पण दिवा लावून, ते जागे असताना.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आलं. मधे एका पुरणपोळीवरून कडाक्याचं भांडण झालं, ते दोघांनी मला वेगवेगळा फोन करून सांगितलं.

वडिलांना मधुमेह होता म्हणून ताईंनाही तपासून घ्यायला मी सांगितलं होतं. त्या ते पुढे ढकलत राहिल्या. शेवटी यजमानच घेऊन गेले. एचबीए१सी ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर.

"आता तुमची पाळी, असं म्हणाले असतील," मी म्हटलं.

"नाही हो. काही बोललेच नाहीत. रात्री जेवण झाल्यावर माझ्या चपला दाराशी काढून ठेवल्या आणि म्हणाले, चल, पाराच्या कट्ट्यापर्यंत जाऊन येऊ."